लाकडी खिडकीचं इंजिनिअरिंग: जुने सांधे, नव्या गरजा आणि शिकायचा मार्ग

घराचं रिनोव्हेशन निघालं की कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये एक ओळ जवळजवळ ठरलेली असते: "जुन्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियम स्लायडिंग बसवणे." घरातले सगळे मान डोलावतात, कारण जुनी खिडकी पावसात अडकते, फटीतून डास येतात आणि एसी लावला की गार हवा बाहेर जाते. दोन दिवसांत चौकटी उखडल्या जातात आणि ५०-६० वर्षांचं सागवान भंगारवाल्याच्या टेम्पोत चढतं.

हा निर्णय परत फिरवता येत नाही. एकदा भिंतीतून चौकट निघाली की ती तशी परत बसत नाही, आणि तेवढं जुनं, पक्कं लाकूड आज घ्यायला गेलं तर किंमत ऐकूनच आपण मागे फिरतो. म्हणून हो म्हणायच्या आधी ही वस्तू नेमकी कशी काम करते ते समजून घेऊया. या लेखात आपण खिडकीची रचना, तिच्यातले सांधे, आजच्या गरजांसाठी करायचे बदल आणि हे काम स्वतः शिकायचा क्रम असं सगळं पाहणार आहोत.

खिडकीचे भाग: आधी नावं पक्की करू

महाराष्ट्रातल्या जुन्या घरात साधारण अशी खिडकी दिसते:

- चौकट: भिंतीत पक्की बसवलेली बाहेरची फ्रेम. दोन उभी लाकडं, दोन आडवी.
- गज: चौकटीत उभे बसवलेले लोखंडी दांडे. जुन्या काळची ग्रील म्हणा.
- झडप: बिजागरीवर उघडणारा भाग. बऱ्याच ठिकाणी वरची जोडी वेगळी आणि खालची वेगळी असते. खालची लावून घेतली की आडोसा मिळतो आणि वरून हवा, उजेड येत राहतो.
- तावदान: झडपेतली काच. काचेऐवजी लाकडी फळी असेल तर ती मधली फळी.
- पताम: चौकटीच्या कडेला कोरलेली पायरी. झडप बंद होताना या पायरीवर टेकते.
- कडी, कोयंडा, बिजागरी, खिट्टी: हार्डवेअर.

गोव्यात याचा एक वेगळा आणि सुंदर प्रकार दिसतो. पोर्तुगीज काळातल्या घरांत काचेच्या जागी शिंपले असायचे. 'प्लाकुना प्लासेंटा' नावाच्या शिंपल्याची कवचं सपाट आणि अर्धपारदर्शक असतात. त्यांचे चौकोनी तुकडे कापून बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे. ऊन गाळून मऊ उजेड आत येतो आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. हा जीव पुढे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या संरक्षित यादीत आला. त्यामुळे अशी खिडकी घरात असेल तर जुने शिंपले जपून वापरायचे. नवे गोळा करायला जायचं नाही.

लाकूड हलतं, आणि सगळं डिझाइन त्यावर उभं आहे

सुतारकामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे. लाकूड हवेतली आर्द्रता घेतं आणि सोडतं. घेतलं की फुगतं, सोडलं की आकसतं. पण सगळ्या दिशांना सारखं नाही:

- रेषांच्या लांबीला: जवळजवळ शून्य.
- खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेला: थोडं.
- वाढीच्या वर्तुळांच्या दिशेला: त्याच्या साधारण दुप्पट.

आकडा काढून बघू. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात साधारण ९ टक्के पाणी राहतं. ती ८०-८५ टक्क्यांवर गेली, म्हणजे आपला जुलै महिना, की तेच १६ ते १८ टक्क्यांवर जातं. सागवान हे कमी हलणारं लाकूड आहे. तरीही दुसऱ्या प्रकारे कापलेली ३०० मिमी रुंद सागवानी फळी एवढ्या फरकात ४ मिमीच्या आसपास फुगते. स्वस्त लाकूड याहून जास्त फुगतं.

आता ही फळी चारही बाजूंनी फ्रेममध्ये फेविकॉल लावून पक्की केली तर काय होईल? पावसाळ्यात ती फ्रेमचे सांधे उघडेल किंवा उन्हाळ्यात स्वतःच फाटेल. जुन्या सुतारांनी यावर साधं उत्तर काढलं. फ्रेमच्या आतल्या कडेला खाच करायची आणि फळी तिच्यात गोंद न लावता मोकळी बसवायची. दोन्ही बाजूंना २-३ मिमी जागा सोडायची. फळी आतल्या आत फुगते, आकसते आणि बाहेरची फ्रेम आपल्या मापात राहते. फ्रेमच्या पट्ट्या ६०-७० मिमी रुंदीच्याच असल्यामुळे त्यांचा फरक एखाद्या मिलिमीटरचा.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर जो भाग बदलणार आहे तो वेगळा ठेवला आहे आणि त्याचा बाकीच्या सिस्टीमवर परिणाम होणार नाही अशी सोय केली आहे.

सांधा: खिळ्याशिवाय ६० वर्षं

झडपेच्या चार कोपऱ्यांत जो सांधा असतो त्याला इंग्रजीतून आलेलं नाव मॉर्टिस-टेनन. आडव्या पट्टीच्या टोकाला जीभ काढतात, तिला कुसू म्हणतात. उभ्या पट्टीत त्याच मापाची खाच पाडतात. कुसू खाचेत जातं आणि वरून लाकडी खुंटी ठोकली जाते.

काही नियम लक्षात ठेवा:

१. कुसवाची जाडी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश. पट्टी ३६ मिमी असेल तर कुसू १२ मिमी. जास्त जाड केलं तर खाचेच्या भिंती कमजोर होतात, कमी केलं तर कुसू तुटतं.

२. ताकद खांद्यातून येते. कुसवाच्या मुळाशी जो काटकोनी कट असतो त्याला खांदा म्हणू. तो समोरच्या पट्टीला पूर्ण टेकला पाहिजे. झडप तिरकी होऊ न देणारा भाग हाच.

३. खुंटीचं भोक मुद्दाम १ ते १.५ मिमी सरकवतात. आधी खाचेच्या लाकडात भोक. मग कुसू आत घालून जागा खूण करायची, बाहेर काढायचं आणि कुसवातलं भोक खांद्याच्या बाजूला किंचित सरकवून पाडायचं. खुंटी ठोकताना ती सांधा ओढून घट्ट करते. गोंद सुटला तरी खुंटी धरून ठेवते.

४. खुंटी सुक्या लाकडाची आणि सरळ रेषेत चिरलेली असावी. तिरक्या रेषेची खुंटी ठोकतानाच मोडते.

सागवानात नैसर्गिक तेल असतं, म्हणून त्यावर गोंद नीट धरत नाही. चिकटवायच्या आधी सांध्याचा भाग थिनरने पुसून लगेच गोंद लावावा. खुंटीचा आग्रह सागवानात म्हणूनच जास्त.

आणखी एक फायदा आहे, जो आजच्या पिढीला पटकन कळेल. खुंटी मागून ठोकून काढली की सांधा उघडतो. खालची पट्टी कुजली तर फक्त ती बदलायची. बॅटरी बदलता येणारा फोन आणि सील केलेला फोन यांत जो फरक, तोच इथे.

पाणी: एक खाच बरंच काही वाचवते

खिडकी पावसाने भिजल्यामुळे कुजत नाही. भिजल्यावर सुकू न शकल्यामुळे कुजते. म्हणून तीन गोष्टी तपासा.

पहिली, खालच्या आडव्या लाकडाला बाहेर उतार आहे का. दुसरी, बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडं आत, ६ ते ८ मिमी रुंद खाच आहे का. पाणी पृष्ठभागाला चिकटून खालून आत भिंतीकडे सरकतं. खाच आली की त्याला पुढे जाता येत नाही, थेंब तिथेच गळतो. तिसरी, झडप आणि पताम यांच्यामधली फट. अगदी बारीक फटीत पाणी केशाकर्षणाने वर चढतं. म्हणून पतामात मध्ये एक मोठी खाच ठेवली की पाण्याची वाट तुटते.

लाकडाच्या आडव्या छेदातून, म्हणजे पट्टीच्या टोकातून, पाणी सगळ्यात पटकन शोषलं जातं. रंग किंवा ऑइल लावताना झडपेची खालची कड हमखास सुटते, कारण ती दिसत नाही. कुजायला सुरुवातही तिथूनच होते.

आजच्या गरजा, आणि त्यात बसणारे बदल

१) हवा. इथे जुनी खिडकी जिंकते. दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी कितीही सरकवली तरी अर्धीच उघडते. बिजागरीची झडप जवळजवळ पूर्ण उघडते. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' आणली. त्यात उघडणारा भाग मोजताना झडपेच्या खिडकीला ९० टक्के आणि दोन पल्ल्यांच्या स्लायडिंगला ५० टक्के धरलं आहे. उष्ण-दमट हवामानासाठी, म्हणजे मुंबई-कोकणासारख्या ठिकाणी, उघडणारा भाग चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावा असं त्यात म्हटलं आहे. ५० चौरस मीटरच्या घराला हे सुमारे ८.३ चौरस मीटर होतं. म्हणजे भिंतीतलं भोक तेवढंच ठेवून झडपा काढून स्लायडिंग लावलं, तर घरातला वारा जवळपास निम्मा करायचे पैसे आपण देतो.

२) डास. जुन्या चौकटीला एकाच बाजूला पताम असतं. आतल्या बाजूला दुसरं पताम करून जाळीची हलकी झडप बसवता येते. चौकट पातळ असेल तर ती कोरू नका. आतून २५ मिमीची पट्टी स्क्रूने लावा, तिच्यावर जाळीची झडप टेकेल. काचेची झडप बाहेर, जाळीची आत, मध्ये गज. जाळीचं छिद्र १.२ मिमीच्या आसपास असलं की डास थांबतात. जाळीने हवा थोडी कमी होते, म्हणून झडप उघडून जाळी धुता आली पाहिजे.

३) आवाज. लोक आधी जाड काच घ्यायला जातात. आधी फट मोजा. १ मीटर × १.२ मीटरच्या खिडकीचा परीघ ४.४ मीटर. सगळीकडे ३ मिमी फट असेल तर ती क्षेत्रफळाच्या साधारण १.१ टक्के झाली. फट १ टक्का असेल तर काच कितीही भारी लावा, २० डेसिबलच्या पुढे आवाज अडत नाही, कारण तेवढा आवाज फटीतूनच येतो. पतामात ३ मिमीची खाच करून रबरी गॅस्केट बसवणं हा सगळ्यात स्वस्त आणि परिणामकारक बदल आहे. इंग्लंडमध्ये जुन्या सरकत्या लाकडी खिडक्यांना अशाच खाचांत ब्रशच्या पट्ट्या बसवून वापरात ठेवतात.

४) काच. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला २.५ किलो. ०.६ चौरस मीटरच्या झडपेत ४ मिमी काच ६ किलोची होते. ५ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ५ मिमी काच असं डबल ग्लेझिंग लावलं तर १५ किलो. शिवाय जाडी २२ मिमी, आणि जुनी झडप असते ३०-३५ मिमीची. काच बसवायला जागा कोरली तर लाकूडच उरत नाही. म्हणून जुन्या झडपेला ६ मिमीच्या आसपासची लॅमिनेटेड काच हा मधला मार्ग बरा. वजन ९ किलो, फुटली तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात आणि आवाजही कमी होतो.

काच बसवताना एक युक्ती आहे. बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात आणि कडीच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात छोटे पॅकर द्यायचे. मग काच तिरक्या आधारासारखी काम करते आणि झडप लोंबत नाही. लोंबलेली झडप सरळ करायलाही हाच उपाय.

५) उष्णता. लाकूड उष्णता फार कमी वाहून नेतं. ॲल्युमिनियम त्याच्या हजारपटीहून जास्त. तरी आपल्याकडे खोली तापते ती मुख्यतः काचेतून थेट येणाऱ्या उन्हामुळे. त्यामुळे फ्रेमच्या वादात पडण्याआधी छज्जा किंवा बाहेरून लाकडी झडप हे उपाय बघा. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर ते आत येतच नाही. पडदा आत असतो, तोपर्यंत उष्णता घरात शिरलेली असते.

६) सुरक्षा. घरात लहान मूल असेल तर दोन गजांमधली फट १०० मिमीपेक्षा कमी ठेवा. पण प्रत्येक बेडरूममधली एक तरी ग्रील आतून उघडता आली पाहिजे. आग लागली तर गज चोराला जसे अडवतात तसेच तुम्हालाही अडवतात.

बदलायची की दुरुस्त करायची? १५ मिनिटांची तपासणी

- टोच्या घ्या आणि खालच्या सांध्यांजवळ, चौकटीच्या तळाशी दाबा. १-२ मिमी गेला तर लाकूड ठीक. लोण्यासारखा आत गेला तर तो भाग कुजला आहे.
- लाकडाची पावडर किंवा मातीच्या रेघा दिसतात का बघा. पावडर म्हणजे पोखरणारे किडे, मातीच्या रेघा म्हणजे वाळवी. आधी त्यांचा बंदोबस्त, मग सुतारकाम.
- फोनमधल्या लेव्हल ॲपने चौकट ओळंब्यात आहे का बघा. दोन्ही तिरपी मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे.
- रात्री बाहेर कुणाला तरी टॉर्च धरायला सांगा. जिथून उजेड दिसतो तिथून हवा, आवाज, पाणी सगळं येतं.
- झडपेत कागद पकडून बंद करा आणि ओढा. सहज निघाला तर तिथे गॅस्केट हवं.
- साऊंड मीटर ॲपचा आकडा खरा मानू नका, पण काम करायच्या आधी आणि नंतर एकाच फोनने, एकाच जागी मोजलं तर फरक कळतो.

कुज फक्त खालच्या पट्टीत असेल तर दुरुस्ती. चौकटीची उभी लाकडंच तळातून गेली असतील आणि ती भिंत पेलत असतील तर मात्र जाणकार माणूस बोलवा.

एक इशारा. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर आणणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांना सगळ्यात जास्त घातक. पाणी मारून ओलं घासा, मास्क लावा, मुलांना दूर ठेवा आणि कचरा पिशवीत बांधून टाका.

शिकायचं कसं?

मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी एका सुतारकाकांकडे जायला लागलो. पहिले दोन आठवडे त्यांनी फक्त पटाशीला धार लावायला दिली. "हत्यार बोथट असलं की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की हात कापतो," एवढंच कारण सांगितलं. आता वाटतं, क्रम अगदी बरोबर होता. तो असा:

पायरी १: धार आणि रेघ. पटाशी, रंधा, करवत, गुण्या, मार्किंग गेज एवढी हत्यारं पुरे. पेन्सिलची रेघ अर्धा मिमी जाड असते, सुरीची जवळजवळ शून्य. सांध्याची खूण सुरीने करा.

पायरी २: दहा सांधे. टाकाऊ लाकडावर एकच सांधा दहा वेळा. प्रत्येक मधून कापून आत किती ठिकाणी टेकलाय ते बघा.

पायरी ३: एक जाळीची झडप. काच नाही, वजन नाही, चुकलं तर नुकसान कमी. घरात लगेच वापरात येते, त्यामुळे घरचेही खूश.

पायरी ४: जुन्या झडपेची एक पट्टी बदलणं. इथे खरी शिकवणी. जुना सांधा उघडला की आधीच्या कारागिराच्या खुणा दिसतात. मापं लिहून घ्या, फोटो काढा.

पायरी ५: ड्रॉइंग. फ्रीकॅड हे मोफत सॉफ्टवेअर आहे. रुंदी, उंची, जाडी व्हेरिएबलमध्ये ठेवून एकदा मॉडेल केलं की पुढच्या खिडकीला फक्त तीन आकडे बदलायचे. कुसवाची जाडी आपोआप एक तृतीयांश येते. पण जुन्या घरातल्या दोन खिडक्या सारख्या नसतात, तेव्हा प्रत्येकीचं माप वेगळं घ्या.

व्यवस्थित शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये कारपेंटर ट्रेडचा १ वर्षाचा कोर्स आहे. लाकडी चौकटीसाठी आयएस ४०२१ आणि खिडकीच्या झडपांसाठी आयएस १००३ भाग २ ही भारतीय मानकं आहेत. डोळ्यांना सवय लावायची असेल तर पुण्यात १८०७ सालचा विश्रामबाग वाडा बघा आणि राजा दिनकर केळकर संग्रहालयातले जुने दरवाजे-खिडक्या बघा. नक्षीपेक्षा कोपऱ्यांकडे लक्ष द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पावसात झडप अडकते. रंधा मारू का?
पावसाळ्यात लगेच नको. तेव्हा लाकूड पूर्ण फुगलेलं असतं, तेव्हाच मोकळं केलं तर एप्रिलमध्ये फट पडते. कुठे घासतंय तिथे खूण करा, आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करा. कोरड्या दिवसांत थोडंच काढा आणि उघडी पडलेली कड लगेच सील करा.

सागवान परवडत नाही. मग?
जुन्या लाकडाच्या बाजारात मोडलेल्या घरांच्या तुळया, चौकटी मिळतात. आतले खिळे काढून घ्या. फिकट, पांढरा भाग टाळा. सागवान असलं तरी तो लवकर किडतो.

समुद्राजवळ कोणते स्क्रू वापरावेत?
स्टेनलेस किंवा पितळी. साधं लोखंड गंजून फुगतं आणि लाकूड फाडतं.

ॲल्युमिनियम कधीच घेऊ नये का?
असं नाही. उंच मजल्यावर, जोराच्या वाऱ्यात किंवा जिथे झडप उघडायला जागाच नाही तिथे चांगल्या सेक्शनची खिडकी योग्यच आहे. पण घ्यायचीच असेल तर झडपेसारखी उघडणारी मिळते का ते आधी विचारा.

थोडक्यात, कोटेशनवर सही करायच्या आधी एक टोच्या, एक टॉर्च आणि १५ मिनिटं द्या. तपासणीत एखादी पट्टी, थोडं रबर आणि जाळी एवढंच काम निघालं, तर तेवढंच करा. आणि तुमच्या भागात जुने सांधे करणारे सुतार असतील तर एकदा त्यांच्याकडे जाऊन बसा. लाकूड आपल्याला परत विकत मिळेल, पण त्यांच्या हातातलं कसब ते काम करतायत तोवरच शिकता येईल.